अर्ज पाठवण्याआधी तो मशीनवर बनवलेल्या जॉबसारखा तपासा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये नोकरीसाठी आलेले अर्ज मी वाचतो. बहुतेक आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या मुलामुलींचे. मायक्रोमीटरवर ०.०१ मिमीचा फरक पकडणारा मुलगा अर्जात स्वतःचा मोबाइल नंबर नऊ आकडी लिहितो, तेव्हा जीव हळहळतो. मुलगा कामाचा असतो, पण त्याला फोनच लावता येत नाही.

सुरुवात जाहिरातीपासून करा. ड्रॉइंग हातात आलं की आपण आधी खालच्या नोट्स वाचतो, मग मशीनकडे वळतो. जाहिरातही तशीच वाचा, पेन्सिल घेऊन. पद, ट्रेड, अनुभव, शेवटची तारीख आणि अर्ज कुठे पाठवायचा, या सगळ्यांखाली रेघ ओढा. ठिकाण नीट पाहा. मुसळगाव एमआयडीसी सिन्नर तालुक्यात आहे. पंचवटीतून सकाळी सातच्या शिफ्टला रोज कसं पोचणार, हे अर्ज करतानाच ठरवा. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर फॅनुक कंपनीचं कंट्रोल चालवणारा ऑपरेटर मागितला असेल आणि तुम्ही सीमेन्सवर काम केलं असेल, तर सीमेन्सच लिहा. नुसतं ‘सीएनसी येतं’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

मग नाव. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून इथे वेळ द्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. ‘दीपक’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर डबल ई, दुसऱ्यावर आय. दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि अक्षर-अक्षर ताडून पाहा. फरक दिसला तर मुलाखतीची वाट न पाहता दुरुस्तीला लागा, कारण पुढे पीएफच्या वेळी हेच आडवं येतं. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, म्हणून तो फॉर्म भरतानाही घाई नको. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत हाताशी ठेवावी.

ऑनलाइन फॉर्म असेल तर सूचना शेवटपर्यंत वाचा. आयबीपीएसच्या बँक भरतीत फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते. इंग्रजी कॅपिटल अक्षरांतली सही तिथे चालत नाही. नॉन-क्रीमीलेअर लागणार असेल तर त्याची मुदत कधी संपते ते पाहा. शेवटच्या रात्री सायबर कॅफेत बसून फॉर्म भरू नका. तिथला मुलगा भराभर टाइप करतो, पण चूक झाली तर ती तुमच्या नावावर लागते.

बायोडाटा मराठीत कृतिदेव फाँटमध्ये टाइप केला असेल, तर तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर नुसती अगम्य अक्षरं दिसतात. पीडीएफ करूनच पाठवा. फाइलला तुमचं नाव आणि पद द्या. ‘न्यू फायनल २’ नावाची फाइल मला पन्नास अर्जांत परत सापडत नाही.

आता तपासणी. आपण केलेला जॉब आपल्याला बरोबरच दिसतो, म्हणून तर कारखान्यात इन्स्पेक्टर वेगळा ठेवतात. प्रिंट काढा आणि घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. कागदावरचा नंबर पाहून त्यांना त्यांच्या फोनवरून डायल करू द्या. तुमचा फोन वाजला पाहिजे.

पाठवून झालं की एका वहीत कंपनी, पद, तारीख आणि कोणता बायोडाटा पाठवला ते लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी मी फोन करतो, तेव्हा समोरून ‘कोणती कंपनी?’ असं ऐकू येतं. वही जवळ असली की पदाचं नाव तुम्हीच सांगाल आणि मी लगेच मुलाखतीची वेळ देईन.