घाटकोपरला रिक्षा का मिळाली नाही

"ताई, एरर आलाय."
"काय म्हणतोय?"
"लाल आहे."

हा संवाद माझ्या आयुष्यात इतक्या वेळा झालाय की आता मी हसतही नाही. लालबागला आमच्या मंडळाची अभ्यासिका आहे. खाली व्यायामशाळा, वर अभ्यासिका. रविवारी सकाळी दहा ते एक मी तिथे बसते आणि प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्या मुलांचं अडलं-नडलं बघते. प्लग पॉइंट चार, त्यातला एक ढिला, त्यामुळे लॅपटॉप आळीपाळीने चार्ज होतात. कुणी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, कुणी बीएस्सी आयटीला, एक जण बँकेच्या परीक्षा देता देता हेही करून बघतोय. गणपती जवळ आले की मंडपाचं सामान वर येऊन पडतं, तेवढे दिवस सुट्टी.

सुरुवातीला मी एक मोठा घोळ करायचे. कुणी अडलं की लॅपटॉप आपल्याकडे ओढायचे, दोन ओळी बदलायचे, रन करून, म्हणजे प्रोग्रॅम चालवून दाखवायचे. मुलं खूश, मी त्याहून खूश. पुढच्या रविवारी तोच मुलगा, तीच चूक. कारण साधं आहे: चूक मी शोधली होती, त्याने नव्हे. आता नियम असा की कीबोर्डला मी हात लावत नाही. टेबलावर एक दोनशे पानी वही असते, त्यात दोन रकाने: 'वाटलं' आणि 'झालं'. रन करायच्या आधी डावीकडे लिहायचं, काय दिसेल असं वाटतंय. मग रन करायचं आणि उजवीकडे जे दिसलं ते लिहायचं. दोन्हींत फरक पडला तर मग माझ्याकडे यायचं. निम्मे जण येईपर्यंत स्वतःच परत फिरतात.

ही वही मला सुचलेली नाही, माझ्यावर बेतली तेव्हा सापडली. पहिल्या नोकरीत माझ्याकडे तारखा वाचून रिपोर्ट तयार करणारा एक छोटा प्रोग्रॅम होता. महिन्याच्या पाच तारखेला लिहिला, तपासला, उत्तम चालला. बारा तारखेपर्यंत चालला. तेराला सकाळी कोसळला. तीन तास मी इकडची ओळ तिकडे करत बसले. शेवटी शेजारच्या सिनिअरने विचारलं, "तुला काय वाटलं होतं, ही ओळ काय करेल?" मला उत्तर देता येईना. मग कळलं: फाइलमध्ये आधी दिवस आणि मग महिना होता, माझा कोड आधी महिना वाचत होता. पाच एप्रिलचा तो चार मे करत होता आणि गप्प होता. तेरावा महिना मात्र त्यालाही कुठे सापडेना, म्हणून ओरडला. लोक तेराला अशुभ म्हणतात. ती तारीख आली नसती तर मी आणखी किती दिवस चुकीचे रिपोर्ट पाठवले असते देव जाणे.

तेव्हापासून मी मुलांना सांगते, लाल अक्षरांना घाबरू नका. घाबरायचं ते गप्प बसून चुकीचं उत्तर देणाऱ्या कोडला.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एरर आला की पाच-पंधरा ओळींचा ढीग येतो, त्याला ट्रेसबॅक म्हणतात. मुलं तो वरून वाचायला लागतात आणि दुसऱ्या ओळीला हात टेकतात. तो खालून वाचायचा. शेवटच्या ओळीत चूक कुठल्या प्रकारची आणि का झाली ते असतं, त्याच्या वर ओळीचा क्रमांक. 'नेमएरर' म्हणजे त्या नावाचं इथे कुणी राहत नाही. बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं किंवा मोठ्या-लहान लिपीचा घोळ असतो. 'इंडेंटेशनएरर' म्हणजे ओळ डावीकडून जितकी आत हवी तितकी नाही. कंस बंद करायचा राहिला तर जुनं पायथन पुढच्या, बिचाऱ्या निर्दोष ओळीकडे बोट दाखवायचं. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून ते सरळ सांगतं की अमुक कंस बंदच झालेला नाही. घरी नवं पायथन आणि कॉलेजच्या लॅबमध्ये जुनं असेल तर एकाच चुकीचे दोन वेगळे संदेश दिसतात. गोंधळू नका. बोट दाखवलेल्या ओळीत काही सापडलं नाही तर तिच्या वरची ओळ बघा.

सरावाला मी सगळ्यांना एकच गणित देते: रिक्षाचं भाडं. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७.१४. अंतर विचारायचं, भाडं सांगायचं. पाच ओळींचं काम, पण नवशिक्याच्या बहुतेक सगळ्या चुका त्यात मावतात. (कोड इथे देवनागरीत लिहिते, तुम्ही अर्थातच इंग्रजीत लिहाल.)

पहिली ठेच 'इनपुट'ला लागते. कीबोर्डवरून आलेली प्रत्येक गोष्ट पायथनला मजकूर वाटते, आकडा टाइप केला तरी. मजकुराची १.५ या आकड्याशी तुलना करायला गेलात तर 'टाइपएरर' येतो; तो आला तर नशीब समजा. एकाने शेअर रिक्षाचा प्रोग्रॅम केला होता. माणशी भाडं विचारायचं, गुणिले तीन. भाडं टाकलं २०. उत्तर आलं २०२०२०. एरर नाही, काही नाही. पायथनच्या दृष्टीने '२०' हा शब्द आहे आणि शब्दाला तीनने गुणायचं म्हणजे तो तीनदा लिहायचा. दोन लाख दोन हजार वीस रुपयांत तीन माणसं कुठवर जातील यावर आमची दहा मिनिटं गेली. उपाय एवढाच की इनपुटला 'इंट' (पूर्णांक) किंवा 'फ्लोट'मध्ये (दशांश आकडा) घालून घ्यायचं.

दुसरी ठेच हिशेबाला. तीन किलोमीटरचं भाडं एकीचं ७७.४२ आलं. तिला ते बरोबरच वाटलं, कारण स्क्रीनवर आलं होतं. मी म्हटलं, आधी वहीत हाताने कर. दीडचे २६, उरलेल्या दीडचे २५.७१, एकूण ५१.७१. मग तिचं तिलाच दिसलं की पुढचं भाडं ती पूर्ण तीन किलोमीटरला लावत होती, पहिले दीड वजा न करता. हाताने केलेलं एक उत्तर हाताशी असल्याशिवाय रन दाबूच नये या मताची मी आहे. शिवाय नेमकं १.५ टाकून बघा, शून्य टाकून बघा, वजा दोनही टाकून बघा. चुका सीमेवरच राहतात.

आता घाटकोपरची गोष्ट. बांद्रा आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा येत नाहीत. आमच्या एका मुलीने हौसेने भर घातली: स्टेशनही विचारायचं, आणि दादर किंवा परळ असेल तर 'इथे रिक्षा मिळणार नाही' छापायचं. तिने लिहिलं ('इफ' म्हणजे जर, 'ऑर' म्हणजे किंवा, दोन बरोबरच्या खुणा म्हणजे तुलना):

इफ स्टेशन == "दादर" ऑर "परळ":

दादर टाकलं, 'मिळणार नाही'. परळ टाकलं, 'मिळणार नाही'. ती खूश. शेजारच्याने घाटकोपर टाकलं, 'मिळणार नाही'. मुलुंड, बोरिवली, सगळीकडे नकार. "ताई, हा तर आपल्या स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांसारखाच करतोय."

मी म्हटलं, 'इफ' काढ, बाकीची अट जशीच्या तशी प्रिंट कर, स्टेशन घाटकोपर ठेव. वहीत तिने डावीकडे लिहिलं 'फॉल्स'. रन केलं. उजवीकडे लिहावं लागलं 'परळ'. खरं नाही, खोटं नाही, चक्क परळ. ती बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसली.

यात तिची चूक फारशी नाही, आपल्या भाषेची आहे. 'स्टेशन दादर किंवा परळ असेल तर' हे मराठीत चोख आहे, ऐकणारा दुसऱ्यांदा 'स्टेशन' स्वतः जोडून घेतो. पायथन जोडत नाही. तो आधी विचारतो, स्टेशन दादर आहे का? नाही. मग 'ऑर'च्या पलीकडे काय आहे? नुसता 'परळ' हा शब्द. रिकामा नसलेला कुठलाही शब्द त्याच्या लेखी खराच, म्हणून तो परळ हातात घेऊन परत येतो. अट दोन्ही बाजूंना पूर्ण लिहायला हवी: स्टेशन == "दादर" ऑर स्टेशन == "परळ". किंवा दोन्ही नावं यादीत घालून 'इन' वापरायचं. हा झटका एकदा नीट बसला की पुन्हा बसत नाही. आणि लांबलचक अट फसली की तिचे तुकडे वेगवेगळे प्रिंट करून बघायची सवय लागते, ती आयुष्यभर पुरते.

मोजणीच्या चुकांना आम्ही लोकल वापरतो. दादर ते ठाणे स्लो गाडी: दादर, माटुंगा, शीव, कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड, ठाणे. स्टेशनं बारा, मधली अंतरं अकरा. यादीत दादरचा क्रमांक शून्य, ठाण्याचा अकरा. शून्य कसं, यावर चाळीतल्या मुलांना समजवावं लागत नाही: तळमजला शून्य, त्याच्या वर पहिला माळा. तरी 'रेंज(०, ११)' लिहून लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) मुलुंडलाच उतरतो, कारण रेंज दुसऱ्या आकड्याच्या एक आधी थांबते. बारा नंबरचं स्टेशन मागितलं तर 'इंडेक्सएरर', गाडी कारशेडमध्ये. ठाण्याहून येणारा एक जण दर वेळी यादीतलं शेवटचं नाव छापून बघतो. त्याला घरी जायचं असतं, त्याची काळजी खरी आहे.

सी ही दुसरी भाषा शिकणाऱ्यांचं दुखणं थोडं वेगळं. 'फॉर'च्या कंसानंतर लगेच अर्धविराम पडला की लूप रिकामाच गरगर फिरतो आणि खालची ओळ एकदाच चालते. कीबोर्डवरून आकडा वाचणाऱ्या 'स्कॅनएफ'मध्ये अँडची खूण (&) विसरली की प्रोग्रॅम बहुतेक वेळा उत्तर न देताच मरतो. तुलनेला दोन बरोबरच्या खुणांऐवजी एकच दिली तर पायथन तिथल्या तिथे अडवतं, सी मात्र मुकाट्याने किंमत बदलून पुढे जातं. आणि टक्केवारी: ६०० पैकी ४१२ गुण, ४१२ / ६०० * १०० लिहिलं, उत्तर शून्य. दोन पूर्णांकांचा भागाकार सीमध्ये पूर्णांकच येतो, अपूर्णांक टाकून दिला जातो. आधी १०० ने गुणा म्हणजे निदान ६८ येतील. अपूर्णांकही हवा असेल तर आधी १००.० ने गुणा.

काही चुका कोडमध्ये नसतातच. एकाने रँडमचा (कुठलाही आकडा काढून देणाऱ्या तयार कोडचा) सराव म्हणून फाइलला 'रँडम' हेच नाव दिलं आणि मग पायथनचं खरं रँडम चालेना. तयार कोड आणणाऱ्या 'इम्पोर्ट'ने त्याचीच फाइल उचलली होती. वर्डमध्ये ठेवलेल्या नोट्समधून कोड चिकटवला की सरळ अवतरणचिन्हं वाकडी झालेली असतात, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. सगळ्यात मजा मराठी कीबोर्ड चालू राहिलेल्या मुलाची झाली. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला (किंमत साठवायच्या जागेला) 'भाडे' असं देवनागरी नाव देता येतं, ते चाललं. समोर २६ देवनागरीत टाइप केलं तर एरर. पण तेच देवनागरी २६ प्रोग्रॅम चालू असताना इनपुटला टाकून 'इंट' केलं तर बिनतक्रार चालतं. हे मलाही तोवर माहीत नव्हतं. त्या रविवारी वहीत माझ्याही नावाने एक ओळ पडली.

हल्ली मुलं एरर उचलून थेट चॅटबॉटला विचारतात. विचारू देत, मीही ऑफिसात विचारते. फक्त आधी वहीत 'वाटलं'चा रकाना भरायचा. तो रिकामा ठेवून आलेलं उत्तर बरोबर आहे की नाही हे ठरवणार कशावरून? माणसाला विचारतानाही तेच. मोबाइलने तिरका काढलेला स्क्रीनचा फोटो आणि खाली 'ताई प्लीज' एवढंच पाठवू नका. एररचा पूर्ण मजकूर कॉपी करा, काय टाकलं, काय यायला हवं होतं ते लिहा, आणि चूक दिसेल एवढाच कोड पाठवा, तीनशे ओळी नकोत. बऱ्याचदा तीनशेचे दहा करतानाच घोडं पेंड कुठे खातंय ते कळतं.

परवा वही चाळत होते. त्या मुलीचं पान निघालं. डावीकडे: 'घाटकोपरला रिक्षा मिळेल.' उजवीकडे: 'मिळाली नाही.' खाली लाल पेनाने: 'कारण: ऑर.' आणि त्याच्याही खाली कुणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलंय: 'संध्याकाळी सातला खरंच मिळत नाही.'