हरभऱ्याच्या गाठीतून रायझोबियम काढायचं तर

प्लेटवर पांढरी, ओलसर, चिकट वसाहत दिसली की तिला रायझोबियम (मुळाच्या गाठीत राहून झाडाला हवेतलं नत्र देणारा जिवाणू) म्हणून मोकळं व्हायचं, ही एमएस्सीच्या प्रकल्पांत नेहमी होणारी चूक. तसली वसाहत इतर कितीतरी जिवाणूही देतात. निर्जंतुक रेतीत वाढवलेल्या हरभऱ्याच्या रोपाला त्या जिवाणूमुळे गाठ धरली, तरच तो रायझोबियम. तोवर तो नुसता गाठीत सापडलेला एक जिवाणू. खालची पद्धत तालुक्याच्या कॉलेजातल्या साध्या प्रयोगशाळेत, लॅमिनार (गाळलेल्या स्वच्छ हवेची पेटी) नसली तरी, जमते. फक्त प्रत्येक टप्प्यावर आपलीच चूक पकडणारी एक प्लेट किंवा एक कुंडी ठेवायची, आणि ती गाळून काम वाचवायला जायचं नाही.

वावरात

विदर्भात सोयाबीन निघालं की ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरभरा पडतो. गाठी काढायच्या पेरणीनंतर ४० ते ५० दिवसांनी, झाड फुलावर येताना. घाटे भरू लागले की झाडाचं सगळं लक्ष दाण्याकडे जातं. गाठी तपकिरी, पोकळ होतात आणि त्यांतून हाती लागतात ते बरेचदा सडवणारे जिवाणू.

शेतकऱ्याला आधी चार गोष्टी विचारून वहीत लिहा: वाण कोणतं (जॅकी ९२१८ की आणखी कुठलं), मागचं पीक कोणतं, युरिया-डीएपी किती टाकलं, आणि बियाण्याला जिवाणू खताचं पाकीट चोळलं होतं का. शेवटचा प्रश्न विद्यार्थी हमखास विसरतात. पाकीट चोळलेल्या वावरातून तुम्ही ‘स्थानिक स्ट्रेन’ म्हणून पाकिटातलाच जिवाणू परत काढून आणाल. युरियाही कमी महत्त्वाचा नाही. जमिनीत नत्र भरपूर असलं की झाड गाठी धरायच्या भानगडीत फारसं पडत नाही. आणि शेजारच्या वावरात सोयाबीनला गाठी झुबक्यानं धरल्या होत्या, म्हणून हरभऱ्यालाही धरतील असं समजू नका. सोयाबीनचा ब्रॅडीरायझोबियम हरभऱ्यावर चालत नाही. हरभऱ्याचा जोडीदार वेगळा, मेसोरायझोबियम. त्यातही मुख्य मेसोरायझोबियम सायसेरी. १९९४ साली त्याचं वर्णन झालं तेव्हा तो रायझोबियम वंशात होता, १९९७ मध्ये मेसोरायझोबियममध्ये गेला. बोलताना सगळे रायझोबियमच म्हणतात, इथंही तसंच म्हटलंय.

झाड उपटू नका. काळ्या भारी जमिनीत खोड ओढलं की मुळाची सोंड वर येते आणि गाठी मातीतच राहतात. ओलित झालं असेल तर वाफसा येऊ द्या, मग खोडापासून १५ सेंमी सोडून कुदळीनं गोल खणा आणि २० ते २५ सेंमी खोलीचं ढेकूळ तसंच उचला. बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवलं की माती आपसूक सुटते. धुऱ्यालगतची झाडं घेऊ नका. वावराच्या आतल्या पाच-सहा ठिकाणांहून दोन-दोन झाडं पुरेत.

हरभऱ्याची गाठ सोयाबीनसारखी गोल मणी नसते. ती बोटांसारखी फुटलेली, पंख्यासारखी पसरलेली असते. मुख्य मुळाच्या वरच्या भागावरच्या मोठ्या गाठी निवडा. एक गाठ ब्लेडनं कापून बघा. आत गुलाबी-लाल रंग हवा. तो लेगहिमोग्लोबिन या लाल प्रथिनाचा, म्हणजे गाठ काम करतेय. पांढरी असेल तर कुचकामी, हिरवट-तपकिरी असेल तर म्हातारी. सूत्रकृमीच्या गाठींशी गल्लत होऊ नये म्हणून नखानं हलकं ढकलून बघा. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, ती सुटून येते. सूत्रकृमीत मूळच सुजलेलं असतं.

गाठ तोडताना दोन्ही बाजूंना २-३ मिमी मूळ ठेवा. तिथं कापलं तर औषध थेट गाठीत शिरत नाही. फ्रिजमध्ये ताज्या गाठी दोन दिवस राहतात. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर स्क्रूच्या झाकणाच्या छोट्या बाटलीत तळाला निळं सिलिका जेल, वर कापूस आणि त्यावर गाठी ठेवा. वाळलेल्या गाठी वापरण्याआधी तासभर निर्जंतुक पाण्यात फुगवाव्या लागतात.

माध्यम

यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल आगर, एका लिटरला: मॅनिटॉल १० ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट ०.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम, मीठ (सोडियम क्लोराइड) ०.१ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ ग्रॅम, आगर १५ ग्रॅम. पीएच ६.८ ते ७. आगर टाकायच्या आधीच पीएच बघा, नंतर इलेक्ट्रोड खराब होतो. काँगो रेडचं ०.२५ टक्के द्रावण वेगळं निर्जंतुक करून ठेवा आणि ओतायच्या वेळी लिटरला १० मिली मिसळा, म्हणजे लिटरमध्ये २५ मिलिग्रॅम रंग येतो. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट अंदाजे टाकू नका. ते जास्त झालं की पेशी वेड्यावाकड्या फुगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली भलताच जिवाणू वाटतो.

पाणी डिस्टिल्डच हवं. खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी, अकोल्याकडचं असो की दर्यापूरकडचं, माध्यमाला चालत नाही. क्षारांमुळे फॉस्फेटचा गढूळ साका बसतो.

ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणारं यंत्र) १५ पौंड दाबावर २० मिनिटं. तो बंद पडला असेल तर स्वयंपाकाचा प्रेशर कुकर चालतो: पहिली शिट्टी झाली की आच मंद करून ३० मिनिटं. कुकरमध्ये फ्लास्क निम्म्याहून जास्त भरू नका आणि वाफ आपोआप उतरू द्या. घाईनं शिट्टी उचलली की माध्यम उसळून कापसाचा बोळा भिजतो. भिजलेला बोळा म्हणजे बुरशीला सरळ रस्ता.

गाठ धुणं

सगळा प्रयोग इथं तरतो किंवा बुडतो. गाठ आधी निर्जंतुक पाण्यात खळबळून घ्या, मग ९५ टक्के अल्कोहोलमध्ये १० सेकंद ठेवा. अल्कोहोलचं मुख्य काम मारण्याचं नाही. गाठीच्या खाचांत अडकलेले हवेचे बुडबुडे त्यानं सुटतात, नाहीतर पुढचं औषध तिथं पोचतच नाही. मग ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ३ मिनिटं. ब्लीचच्या बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं असेल तर तीन भाग ब्लीचला एक भाग पाणी. मात्र उन्हाळाभर कपाटात पडलेल्या बाटलीतला क्लोरीन उडून गेलेला असतो, म्हणून नवी बाटली फोडा. जुन्या पुस्तकांत ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइड दिलंय. ते उत्तम मारतं, पण तो पारा मोरीतून शेवटी कुठे जातो याचा विचार केला तर गावातल्या प्रयोगशाळेत न आणलेलंच बरं.

यानंतर निर्जंतुक पाण्याचे सहा हात. चिमटा प्रत्येक वेळी ज्योतीवर धरून थंड करा. सहाव्या धुण्यातलं ०.१ मिली पाणी एका प्लेटवर पसरा, आणि धुतलेली अख्खी गाठ न फोडता दुसऱ्या प्लेटवर लोळवून काढा. या दोन प्लेटा कोऱ्या राहिल्या तरच पुढचं खरं. त्यांवर काही उगवलं तर त्या दिवसाच्या सगळ्या प्लेटा फेका, त्यांतली ‘एखादी चांगली’ वसाहत उचलायचा मोह आवरा.

आता गाठ निर्जंतुक नळीत दोन थेंब पाण्यात काचेच्या कांडीनं चिरडा. दुधाळ पाणी सुटेल. लूपनं (तारेच्या कडीनं) ते काँगो रेडच्या प्लेटवर चार भागांत रेघा मारून पसरा, दर भागाला लूप जाळून. प्लेटा उलट्या, अंधारात, २८ अंशांवर. उजेडात ठेवल्या तर रायझोबियमही काँगो रेड शोषून लालसर होतो आणि फरक कळेनासा होतो.

विदर्भ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ऊन येतं, पण हे काम पडतं हिवाळ्यात. जानेवारीतल्या रात्री खोली १२-१३ अंशांवर उतरते आणि इन्क्युबेटर लोडशेडिंगमध्ये बंद पडतो. थर्माकोलच्या खोक्यात कोमट पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक थर्मामीटर ठेवून प्लेटा आत सरकवल्या की रात्र निघते. तापमान घसरलं तर वसाहती यायला दोन-तीन दिवस जास्त लागतील, एवढंच. ३५ च्या वर मात्र जाऊ देऊ नका.

प्लेट वाचणं

मेसोरायझोबियम नावाप्रमाणेच मधल्या चालीचा. २८ अंशांवर नीट दिसायला तीन ते पाच दिवस घेतो. म्हणून पहिल्या ४८ तासांत जे काही ठळक वाढलं असेल, त्याभोवती प्लेटच्या मागून मार्करनं वर्तुळ काढा. ते पाहुणे. तिसऱ्या दिवसानंतर येणाऱ्या २ ते ४ मिमीच्या, गोल, फुगीर, दुधी काचेसारख्या, लूप लावला की तार सुटणाऱ्या वसाहती आपल्या कामाच्या. गडद लाल झालेल्या बहुधा अॅग्रोबॅक्टेरियम, कोरड्या सुरकुतलेल्या बहुधा बॅसिलस. बॅसिलसचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत, म्हणून तो परत परत दिसतो.

एक वसाहत उचलून पुन्हा रेघा मारा, असं तीनदा. चिकट वसाहतीच्या पोटात दुसरा जिवाणू लपून बसतो आणि एका रेघेत तो सुटत नाही.

मग स्वस्त चाचण्या. ग्रॅम रंजनात गुलाबी दांडके. आत साठवणीचे कण असल्यानं रंग तुकड्यातुकड्यांत दिसतो. काँगो रेडऐवजी ब्रोमोथायमॉल ब्लू घातलेल्या प्लेटवर हरभऱ्याचा जिवाणू आम्ल सोडून हिरव्याचा पिवळा करतो. निळा झाला तर संथ चालीचा किंवा भलताच. ग्लुकोज-पेप्टोन आगरवर तो जेमतेम वाढतो. तिथं रात्रीतून दाट थर आला तर ती नळी बाजूला ठेवा.

एवढं सगळं जुळलं तरी नाव देऊ नका. गाठीच्या आतही रायझोबियम नसलेले जिवाणू राहतात, आणि कितीही धुतलं तरी ते जाणार नाहीत. सोळा-एस या जनुकाचा क्रम करून आणायची घाई इथंच होते. तो जनुक वंश सांगतो. जिवाणूला गाठ करता येते की नाही, हे सांगत नाही. आधी रोपावर बघा, मग पैसे खर्चा.

रोपावरची परीक्षा

कन्हानची असो की वर्धा नदीची, रेती पाणी नितळ येईपर्यंत धुवा, वाळवा आणि ऑटोक्लेव्हमध्ये एक तास द्या; दुसऱ्या दिवशी पुन्हा एक तास. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या अर्ध्या कापून, वरचा भाग उलटा करून, तोंडातून कापसाची जाड वात खालच्या भागात सोडली की लिओनार्ड जार तयार होतो. बाटली ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, आक्रसून गोळा होईल. तिला हायपोक्लोराइटनं पुसा आणि निर्जंतुक पाण्यानं विसळा.

खालच्या भागात नत्र नसलेलं जेन्सनचं द्रावण, लिटरला: डायकॅल्शियम फॉस्फेट १ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट ०.२, मॅग्नेशियम सल्फेट ०.२, मीठ ०.२, फेरिक क्लोराइड ०.१ ग्रॅम, आणि १ मिली सूक्ष्म अन्नद्रव्यांचं द्रावण. बियाणं प्रक्रिया न केलेलं घ्या. बाजारातल्या रंगीत बियाण्यावरचं बुरशीनाशक तुमचा जिवाणू मारू शकतं. गाठींसारखंच धुऊन पाणी-आगरवर मोड आणा आणि मोड १ सेंमीचा झाला की जारमध्ये लावा. रोपामागे १ मिली, चार-पाच दिवस वाढवलेलं कल्चर मुळाशी सोडा.

प्रत्येक आयसोलेटचे, म्हणजे वेगळ्या काढलेल्या प्रत्येक जिवाणूचे, चार जार. शिवाय चार जार बिनकल्चरचे, आणि चार बिनकल्चरचे पण लिटरला ०.५ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट दिलेले. बिनकल्चरच्या एका जरी रोपाला गाठ आली, तर प्रयोग रद्द; अंगणातली धूळ, नळाचं पाणी किंवा हात कुठेतरी लागलाय. नायट्रेटवालं रोपही पिवळं पडलं तर दोष नत्राचा नाही, क्षार, उजेड किंवा मर रोग बघा. ३५ ते ४० दिवसांनी गाठी मोजा, कापून रंग बघा आणि वरचा भाग ६५ अंशांवर दोन दिवस वाळवून तोला. गाठी भरपूर पण पांढऱ्या आणि रोप बिनकल्चरसारखंच खुरटं, असे आयसोलेट बरेच निघतात. ते गाठ करतात पण नत्र देत नाहीत, झाडाच्या जिवावर जगतात. निकालात त्यांनाही जागा द्या.

शेवटी त्याच गाठींतून जिवाणू पुन्हा काढून मूळ आयसोलेटशी ताडून बघा. जुळला तर कॅल्शियम कार्बोनेट घातलेल्या स्लँटवर (नळीतल्या तिरप्या आगरवर) फ्रिजमध्ये ठेवा आणि दर तीन महिन्यांनी नव्या स्लँटवर घ्या. उणे २० चा डीप फ्रीझर असेल तर २० टक्के ग्लिसरॉलमध्येही एक प्रत ठेवा.

मोजणी, आणि शेतकऱ्याला देण्याआधी

लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) भुकटीत मिसळून पाकीट करायचं असेल तर आधी मोजा. १० ग्रॅम पाकिटातलं ९० मिली निर्जंतुक पाण्यात १० मिनिटं हलवा, पुढे १ मिलीला ९ मिली करत उतरत जा, आणि ०.१ मिली पसरा. ३० ते ३०० वसाहतींच्याच प्लेटा धरा. समजा दहा लाखपट पातळ केलेल्या नळीतून ८६ वसाहती आल्या, तर ८६ × १० × १०,००,०००, म्हणजे ग्रॅमला ८६ कोटी. खत नियंत्रण आदेशात पावडर पाकिटासाठी किमान ५ कोटी लागतात, आणि लाखपट पातळ केलेल्या प्लेटवर दुसरा कुठलाच जिवाणू चालत नाही. मोजणी पाकीट भरल्याच्या दिवशी एकदा आणि पेरणीच्या आठवड्यात पुन्हा करा. ऑक्टोबर हीटमध्ये टिनाच्या खोलीत ठेवलेल्या पाकिटात या दोन आकड्यांचा काही मेळ राहत नाही.

बियाण्याला २५ ग्रॅम प्रतिकिलो, गुळाच्या गार पाण्यात कालवून. बुरशीनाशक आधी, ते वाळल्यावर रायझोबियम, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी. उरलेलं चोळलेलं बियाणं दुसऱ्या दिवशी पेरायची वेळ आलीच, तर त्याला नव्यानं चोळून घ्या.