भंगारातून हायड्रोजन काढताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेच्या वर्कशॉपमध्ये लेथखाली ॲल्युमिनियमचा चुरा साचलेलाच असतो. त्यावर कॉस्टिक सोड्याचं पाणी टाकून हायड्रोजन काढायची हौस डिप्लोमाच्या मुलांना असते. करावं, पण जपून.

सर्वांत घातक चूक घाईची. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, शिवाय चुऱ्याला कूलंटचं (कापताना धातू थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तेल चिकटलेलं. त्यामुळे सुरुवातीला एखाददुसराच बुडबुडा येतो आणि पोरं वैतागून आणखी सोडा ओततात. थर विरघळला की क्रिया एकदम जोर धरते. पाणी तापतं, तापलं की वेग वाढतो, आणि उकळता कॉस्टिक फेस भांड्याबाहेर उसळतो. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून गॉगल हवाच. बुडबुडे येत नाहीत म्हणून सोडा वाढवायचा नाही. लांब उभं राहून थांबा, आणि पुढच्या वेळी चुरा आधी साबणाच्या पाण्यानं धुऊन घ्या. तोही चिमूटभर. एक ग्रॅम धातूतून सव्वा लिटरच्या आसपास वायू निघतो. थंडपेयाचा कॅन वापरणार असाल, तर आतला प्लॅस्टिकचा लेप आणि बाहेरचा रंग खरवडावा लागतो.

चुऱ्यावरून लोहचुंबक फिरवून त्यातलं लोखंड वेगळं काढा. लोखंड कॉस्टिकमध्ये काही करत नाही, त्यातून हायड्रोजन काढायला त्याला लाल तापवून वाफ द्यावी लागते. ते शेडमध्ये करण्याजोगं नाही. नाकाला झोंबणारा वास आला, तर भट्टीवरचा ड्रॉस (वितळलेल्या ॲल्युमिनियमवर जमणारी मळी) मिसळलाय आणि अमोनिया निघतोय असं समजा.

भांड्याचं तोंड बंद करू नका. वायू बाटलीत, ट्यूबमध्ये किंवा जुन्या सिलिंडरमध्ये भरू तर अजिबात नका. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की ठिणगी पुरते, आणि त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही. पत्र्याच्या शेडमध्ये तो छताखाली साचतो, म्हणून उघड्यावरच करा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओला चुरा बंद पिंपात ठेवला तर कुणी प्रयोग न करताही हायड्रोजन तयार होतो. चुरा कोरडा आणि हवेशीर ठेवा.

यावर जनरेटर चालवायचा विचार असेल, तर आधी हिशेब करा. बेळगावातच यमनापूरला बॉक्साइट या खनिजापासून ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) होतं, पण त्यापासून एक किलो धातू काढायला सुमारे १४ युनिट वीज लागते. त्या किलोतून हायड्रोजन मिळतो १११ ग्रॅम, म्हणजे जाळल्यावर फार तर पावणेचार युनिट. तोच चुरा पुन्हा वितळवायला मात्र नव्या धातूच्या ५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पुरते. स्वच्छ चुरा फाउंड्रीलाच द्या.