ग्रीन कार्डच्या अर्जावर आरएफई आली? पुरावे जोडताना या चुका टाळा

अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं, आय-१३० (जोडीदारासाठीची याचिका) आणि आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) भरून झाले, आणि एक दिवस यूएससीआयएसचं, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचं, पत्र येतं: तुमचं लग्न खरं आहे हे दिलेल्या कागदांवरून पटत नाही. मग घरात मिळेल तो कागद गोळा करण्याची धांदल उडते. लग्न शंभर टक्के खरं असूनही उत्तर फसतं ते याच धांदलीत. अधिकाऱ्यापुढे तुमचा संसार नसतो, फाइल असते.

नोटीस वरवर वाचणं

आरएफई म्हणजे आणखी पुरावा मागणारं पत्र. एनओआयडी म्हणजे नकार देण्याचा इरादा कळवणारं पत्र, आणि ते जास्त गंभीर. आरएफईला नियमाने जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात, एनओआयडीला ३०. टपालाचे थोडे दिवस त्यावर धरतात. मुदतवाढ मिळत नाही. नोटिशीवर छापलेली तारीख ही उत्तर तिकडे पोचण्याची असते, तुम्ही कुरिअर करण्याची नव्हे.

शिवाय उत्तर एकदाच देता येतं. "आत्ता बँकेचे कागद पाठवू, भारतातून दाखले आले की ते पाठवू" हे चालत नाही. अर्धवट उत्तर आलं तर आहे त्या कागदांवर निर्णय द्या, असाच त्याचा अर्थ घेतला जातो.

अल्बमच पाठवणं

साखरपुडा, हळद, सप्तपदी, रिसेप्शन, दोनशे फोटो! त्यातून लग्न लागलं एवढंच दिसतं. प्रश्न असतो त्यानंतर तुम्ही एकत्र राहता का, हा. म्हणून घराचा दोघांच्या नावाचा भाडेकरार, संयुक्त खात्याची अनेक महिन्यांची स्टेटमेंट, एकत्र भरलेला टॅक्स रिटर्न, विम्यावर जोडीदाराचं नाव, मूल असेल तर त्याचा जन्मदाखला, यांना खरं वजन. फोटो पंधरा-वीस पुरेत, तेही वेगवेगळ्या काळातले, प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते लिहून.

व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांचंही तसंच. मराठीतली तीनशे पानं कोणी वाचणार नाही. निवडक पानं घ्या आणि त्यांचं पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडा. परक्या भाषेतल्या प्रत्येक कागदासोबत भाषांतर लागतं, आणि ते पूर्ण व अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्र. नोटरीचा शिक्का त्यासाठी लागत नाही. आपल्याकडे शिक्क्याशिवाय कागद कागद वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

नावांचा घोळ तसाच सोडणं

मराठी मुलींच्या बाबतीत हे हमखास अडतं. जन्मदाखल्यावर फक्त आईवडिलांची नावं, बाळाच्या नावाची जागा कोरी. शाळेच्या दाखल्यावर मधे वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं. आपल्याला यात काही खटकत नाही; परक्या अधिकाऱ्याला त्या तीन वेगळ्या बायका वाटू शकतात.

जन्मदाखल्यात नाव घालून घेता येत असेल तर महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदणीकडे आधी तो अर्ज करा. जन्माची नोंदच नसेल तर तसा अनुपलब्धतेचा दाखला घ्या, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं. राजपत्रात नावबदल छापला असेल तर ते पानही जोडा. आणि कोणत्या कागदावर कोणतं नाव, का, हे सांगणारा एक तक्ता करा. या एका पानाने बराच गोंधळ मिटतो.

सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं एकाच साच्यात

पाच नातेवाईक, पाच सह्या, मजकूर एकच: "दोघं सुखाने नांदत आहेत." यातून काहीच सिद्ध होत नाही. लिहिणाऱ्याने स्वतःचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ, तुमच्याशी नातं द्यावं आणि स्वतः पाहिलेलं सांगावं: कधी घरी राहायला आले, काय पाहिलं. शेजारी किंवा सहकारी असेल तर उत्तम.

अडचणीची गोष्ट लपवणं

नोकरीमुळे एक न्यू जर्सीत, दुसरी टेक्सासमध्ये? सांगा, आणि ऑफर लेटर, विमानाची तिकिटं जोडा. संयुक्त खातं नोटीस आल्यानंतर उघडलं असेल तर ती तारीख अधिकाऱ्याला दिसणारच आहे. ते जोडा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका, कारण पात्रता अर्ज भरला त्या दिवशी असावी लागते. बनावट भाडेकरार तर विचारातही आणू नका. खोटेपणा सिद्ध झाला तर प्रवेशावर कायमची बंदी येऊ शकते, आणि लग्न बनावट ठरलं तर पुढे कोणीही तुमच्यासाठी केलेली याचिका मंजूर होत नाही.

पाकीट कसं बांधायचं

सर्वांत वर मूळ नोटीस. मग पत्र: नोटिशीतला एकेक मुद्दा त्याच क्रमाने, आणि कोणता पुरावा कोणत्या पानावर. मग अनुक्रमणिका, मग पुरावे. पानांना सलग क्रमांक घाला. कागद स्कॅन होतात, म्हणून फाइल, बाइंडिंग, स्टेपल नकोत. छपाई एका बाजूने आणि अमेरिकन लेटर आकारात, एफोरवर नको. मूळ दाखले मागितले नसतील तर प्रतीच पाठवा. पूर्ण संचाची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि नोटिशीतल्याच पत्त्यावर ट्रॅकिंगने पाठवा.

एनओआयडी आली असेल तर अमेरिकेत परवाना असलेला इमिग्रेशन वकील पहिल्याच आठवड्यात गाठा, तेही मुळातला अर्ज आणि नोटीस दोन्ही हातात घेऊन. फॉर्म भरून देणारा एजंट इथे पुरत नाही.