ऑनलाइन पोकरमध्ये समोरच्याचा वेळ आणि बेट कशी वाचावी

ऑनलाइन पोकरमध्ये समोरच्याचा चेहरा दिसत नाही. दिसतो तो त्याने निर्णयाला घेतलेला वेळ आणि त्याने लावलेली रक्कम, म्हणजेच बेट. यांतला वेळ एकटा असला की फसवतो. एकाच वेळी चार टेबलांवर खेळणारा किंवा नेट अडखळलेला खेळाडूही दहा सेकंद थांबतो, आणि पाळी येण्याआधीच चेकचे (काही न लावता पाळी पुढे देण्याचे) बटण दाबून ठेवणाऱ्याचा चेक क्षणात पडतो. म्हणून आपले पत्ते टाकून दिल्यावरही टेबलावरून नजर काढू नये आणि कोण एरवी किती वेळ घेतो हे आधी ध्यानात घ्यावे; अर्थ असतो तो त्यात पडलेल्या फरकाला.

टेक्सास होल्डेमचा, म्हणजे प्रत्येकाच्या हाती दोन आणि टेबलावर सर्वांसाठी पाच पत्ते असणाऱ्या पोकरचा, एक डाव पाहू. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, बदामचा राजा, बदामची सत्ती आणि किलवरची दुर्री आहे, पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, ६०० चा आहे, तुमच्या हातात एक राजा आहे, तुम्ही ३०० लावता आणि समोरचा तत्क्षणी कॉल करतो, म्हणजे तेवढीच रक्कम लावतो. त्याच्याकडे तीन सत्त्या जमल्या असत्या तर रेझ करावे का, म्हणजे बेट वाढवावी का, किती वाढवावी, यावर तो बहुधा थोडा तरी रेंगाळला असता. हातात काहीच नसते तर त्याने पत्ते टाकले असते. उरते ती मध्यम जोडी, किंवा फ्लशच्या (एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांच्या) आशेने धरलेले दोन बदाम. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, चौकटची चव्वी येते आणि दोघेही चेक करता. रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पत्त्याला, बदामची नव्वी पडते, आणि एरवी पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच बेट लावणारा हा गडी बराच विचार करून पूर्ण १२०० लावतो. राजांची जोडी सोडवत नाही हे खरे, पण अशा वेळी ती सोडावी, असे माझे मत आहे.

नोंद मात्र पत्ते उघडे पडल्यावरच करावी. ‘थांबतो, मग रेझ करतो’ एवढेच लिहून काही हाती लागत नाही, कोणत्या पत्त्यांवर थांबला ते लिहावे. मुरलेले खेळाडू मुद्दाम प्रत्येक चालीला सारखाच वेळ घेतात. त्यांच्याबाबतीत घड्याळ विसरून फक्त रकमेकडे पाहावे, आणि आपणही तीच सवय लावून घ्यावी.

भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणल्यामुळे हा सराव फुकटच्या चिपांवरच करावा लागतो. तिथे हरण्याची भीती नसल्याने लोक काहीही हातात असताना सगळ्या चिपा पुढे सरकवतात, त्यामुळे तिथल्या मोठ्या बेटवरून केलेल्या नोंदींवर फारसे विसंबू नये.