मित्रांसोबत जंगलात लांब पळायला जाताय? या चुका टाळा

पावसाळा सरत आला की संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, सगळीकडच्या रनिंग ग्रुपमध्ये एक विषय निघतोच: या रविवारी डांबरी नको, जंगलात जाऊ. येणारे सगळे तयारीचे असतात. कुणी अर्धमॅरेथॉन पळालेला, कुणी रोज दहा किलोमीटर करणारा. तरीही दुपारी बाराच्या उन्हात कुणीतरी पोटरी धरून दगडावर बसलेला असतो, दोघं पुढं निघून गेलेले असतात आणि फोनला रेंज नसते. यातल्या बहुतेक अडचणी पायांमुळं येत नाहीत. ग्रुपनं कसं पळायचं हे आधी ठरलेलं नसतं म्हणून येतात.

रस्त्याचा पेस जंगलात लावणं

रस्त्यावर सहाच्या पेसनं, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं या वेगानं पळणाऱ्याला चढ-उताराच्या दगडी वाटेवर किलोमीटरला नऊ-दहा मिनिटं सहज लागतात. खडी चढण आली की त्याहून जास्त. म्हणजे वीस किलोमीटर दोन तासांत होणार नाहीत, थांबे धरून चार तास धरा. त्यामुळं किलोमीटर ठरवू नका, तास ठरवा. त्यातही परत फिरायची वेळ घरून निघतानाच पक्की करा: साडेनऊ वाजले की जिथं असू तिथून माघारी. धबधबा समोर दिसत असला तरी. डिसेंबरात आपल्याकडं सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो, म्हणून संध्याकाळची लांब धाव जंगलात काढूच नये.

परवानगी गृहीत धरणं

कन्नडजवळचं गौताळा-औट्रमघाट अभयारण्य सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतं. छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत पसरलेलं, सुमारे 260 चौरस किलोमीटरचं हे जंगल 1986 मध्ये अभयारण्य झालं. तिथं बिबट्या आहे, अस्वल आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अभयारण्यात विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे, आणि गेटवर पावती फाडली म्हणजे हव्या त्या वाटेनं पळायची मुभा मिळाली असं होत नाही. वन विभागाच्या कार्यालयात आधी जाऊन कोणती वाट, किती माणसं, किती ते किती वेळ हे स्पष्ट विचारा. नाही म्हणाले तर नाही. म्हैसमाळ-खुलताबादच्या डोंगरात, बालाघाटाच्या रांगांत अभयारण्याबाहेरच्या वाटा भरपूर आहेत, पण तिथंही जमीन वन विभागाची असू शकते, तेव्हा चौकशी करूनच जा.

आपल्याकडं कुठला मोठा प्राणी, असं म्हणणाऱ्यांनी धाराशिव जिल्ह्यातलं येडशी आठवावं. तिथल्या रामलिंग घाट अभयारण्यात 2024 च्या डिसेंबरात कॅमेऱ्यात वाघ दिसला, तोही यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत आलेला. पहाट आणि संध्याकाळ ही जनावरांची वेळ आहे. कानात इयरफोन नको. आपसात बोलत राहा, म्हणजे जनावर आधीच बाजूला होतं. बिबट्या समोर आलाच तर पाठ दाखवून पळू नका, वाकू-बसू नका. सगळे एकत्र उभे राहा आणि त्याच्याकडं बघत हळूहळू मागं सरका.

पुढचे पुढं, मागचे मागं

सगळ्यात मोठी चूक हीच. पहिले दोन किलोमीटर सगळे सोबत असतात, मग चढ लागतो आणि ओळ ताणत जाते. पुढच्या दोघांना वाटतं मागचे येतायत, मागच्या दोघांना वाटतं पुढचे फाट्यावर थांबलेत. आणि गुरांच्या वाटा पावलोपावली फुटतात. एक वाट पाणवठ्याला जाते, एक वस्तीवर, एक नुसतीच झुडपात विरते. मागचा चुकला तरी पुढच्यांना अर्धा तास पत्ता लागत नाही.

यावरचा उपाय साधा आहे, पण तो निघण्याआधी बोलून घ्यावा लागतो. ग्रुपचा वेग म्हणजे शेवटच्या गड्याचा वेग. वाट ठाऊक असलेला एक जण सगळ्यांत पुढं आणि दमदार, शांत डोक्याचा एक जण सगळ्यांत शेवटी. त्याच्या मागं कुणीही राहायचं नाही. लघवीला थांबणाऱ्यानंसुद्धा त्याला सांगून थांबायचं. प्रत्येक फाट्यावर पुढच्यांनी थांबायचं, डोकी मोजायची आणि मगच हलायचं.

इथं एक गोष्ट नीट बघा. पुढचे फाट्यावर पाच मिनिटं बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. शेवटचा धापा टाकत पोचतो आणि सगळे लगेच उठतात, “चला, आले सगळे!” म्हणजे ज्याला विश्रांतीची खरी गरज, त्याला ती दिवसभर मिळतच नाही. मग तो “तुम्ही व्हा पुढं, मी येतो हळूहळू” म्हणायला लागतो. हे वाक्य ऐकलं की सावध व्हा, तो थकलाय आणि त्याला संकोच वाटतोय. शेवटचा आल्यावर त्यानं पाणी पिऊन, दोन घास खाऊन “हं, चला” म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. ज्यांना जास्त पळायचंय त्यांनी चढ चढून पुन्हा शेवटच्या गड्यापर्यंत खाली यावं आणि परत चढावं. त्यांचाही व्यायाम होतो, ओळही तुटत नाही.

कुणाला माघारी जायचं असेल तर एकट्याला पाठवू नका, सोबत एक जण द्या. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी. चुकल्यासारखं वाटलं तर आहे तिथंच थांबून तीन-तीन शिट्ट्या मारायच्या. शोधत भटकणारा माणूस सापडायला फार वेळ लागतो.

नकाशावर सगळी भिस्त

मोबाइलमध्ये नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, आणि एकाच्या नाही, निदान तिघांच्या. एकाची बॅटरी संपते, एकाचा फोन ओढ्यात पडतो. पण नकाशापेक्षा शेळ्या राखणारा माणूस जास्त सांगतो, फक्त त्याला विचारायची पद्धत हवी. “मामा, ही वाट तळ्याकडंच जाते ना?” असं विचारलं की बऱ्याचदा “जाते की” एवढंच उत्तर मिळतं. तेच “मामा, तळ्याला कसं जायचं?” विचारा, मग तो काठी उगारून दाखवतो, “त्या वडाला उजवं घाला, ओढा उतरला की डावीकडं वर चढायचं.” अंतर विचारलं तर “हे काय, जवळच हाय” येईल. शेळ्या घेऊन किती वेळ लागतो ते विचारा, अंदाज बरोबर बसतो.

पहाटे अंधारात शेताच्या कडेनं जाताना तारांना अजिबात हात लावू नका. रानडुकरांसाठी काही ठिकाणी त्यात बेकायदा वीज सोडलेली असते. वस्तीजवळ कुत्री अंगावर आली तर पळणं थांबवून चाला.

पाण्याचा हिशेब

ऑक्टोबरचं ऊन मेच्या उन्हाइतकंच फसवं, कारण हवेत अजून दमटपणा असतो आणि चार महिने ढगाळ हवेत पळालेलं शरीर त्याला तयार नसतं. उन्हाची सवय व्हायला दहा-बारा दिवस तरी थोडं थोडं पळावं लागतं. वाटेत खात्रीचं पाणी नसेल तर प्रत्येकानं दीड-दोन लिटर स्वतःच्या पाठीवर घ्यावं. “त्याच्याकडं आहे की” यावर ग्रुप कोरडा पडतो. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नका, वर गुरं बसलेली असतात.

नुसतं पाणी ढोसणंही वाईट. घामातून मीठ जातं, वरून साधं पाणी भरत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते. तहानेप्रमाणे प्या आणि सोबत मीठ जाऊ द्या. ओआरएसची लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या बाटलीत घट्ट कालवली तर पोट बिघडतं. खायला खजूर, चिक्की, गूळ-शेंगदाणे दर अर्ध्या-पाऊण तासाला. धपाटे आणि दही गाडीत ठेवा, परतल्यावर त्याला तोड नाही, पण पळताना ते तेल पोटात बसून राहतं.

सोबतचा माणूस बरळायला लागला, पाय वेडेवाकडे टाकू लागला, चिडचिड करू लागला तर उन्हाचा झटका समजा. सावलीत आडवा करा, अंगावर पाणी ओता, उपरण्यानं वारा घाला आणि 108 ला फोन लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. क्रोसिन देऊन हा ताप उतरत नाही. आणि पळताना पाय दुखतो म्हणून पेनकिलर घेणं तर सोडाच, पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या गोळ्या किडनीला बाधतात.

पायाखाली

पावसानंतरची काळी माती बुटाला चिकटून पाय जड करते, तिथं पळायचा हट्ट सोडा आणि कडेच्या गवतावरून चाला. शेवाळलेल्या काळ्या दगडावर उडी नको. उतारावर सुटा मुरूम असेल तर पावलं लहान टाका. किनवट-माहूरच्या सागवानी रानात पानगळीनंतर वाटच दिसेनाशी होते. पाचोळ्याखाली दगड असतो, घोटा तिथंच मुरगळतो, म्हणून एकाकडं तरी क्रेप बँडेज हवं. कुसळं मोज्यांत घुसतात, तेव्हा घोट्याच्या वर येणारे मोजे घाला. पायाची नखं आदल्या दिवशी कापा. हिवाळ्यात वाळलेल्या खाजकुइलीच्या शेंगांना अंग लागलं तर चोळू नका, चिकटपट्टीनं कुसं उपटून काढा.

साप आणि मोहोळ

दगडाळ रानात फुरसं असतं. लहान, मातकट, दगडाच्या आड वेटोळं घातलेलं. न बघता दगडावर हात टेकणं, बसणं टाळा. चावलंच तर आवळपट्टी नको, चिरा नको, विष चोखणं नको. बूट, अंगठी, घड्याळ काढा, पाय हलू देऊ नका, उचलून न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर एकच लस, म्हणजे चावल्यावर द्यायचं प्रतिविषाचं इंजेक्शन चालतं, ते जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे हे आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा.

पितळखोऱ्यासारख्या कड्या-लेण्यांजवळ आग्या मोहोळ असू शकतं. अत्तर, धूर, आरडाओरडा तिथं नको. माश्या उठल्या तर हात न झटकता तोंड झाकून सरळ लांब पळा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात.

गाडी आणि घर

चार तास पळालेल्या माणसाला घाटात स्टिअरिंगवर झोप येते. गाडी चालवणारा आधीच ठरवा, त्यानं त्या दिवशी कमी पळावं, नाहीतर जेवून तासभर झोपून मग निघा. किल्ली पुढच्या गड्याच्या खिशात नको. लवकर परतणाऱ्या जोडीला ती लागते. वाट कोणती, परतायची वेळ किती आणि कितीपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, हे घरच्या एका माणसाकडं लिहून द्या. रेंज आली की पहिला फोन त्यालाच करा.