जुनी मोटरबोट घेताय? आधी ठोकून बघा

कोल्हापुरातून मालवण-गोव्याकडं जुनी बोट बघायला जाणार असाल, तर प्लॅस्टिकची छोटी हातोडी सोबत न्या. फायबरच्या जुन्या बोटीत, विशेषतः मागं मोटर बसते त्या भागात, आतलं प्लायवूड पाणी शोषून कुजतं. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आला तर किंमत कितीही कमी असो, मी तरी परत फिरेन. इंजिनला आधी हात लावा: थंडच हवं. आधीच तापवून ठेवलं असेल तर सुरू व्हायची अडचण लपवलेली असू शकते. समुद्राच्या पाण्यानं थंड होणारं इंजिन आतून गंजतंही. नवीत वॉरंटी मिळते, पण सुरुवातीच्या वर्षांत किंमत झपाट्यानं उतरते. नदीत चालवायची असेल तर २०२१च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखालची नोंदणी लागते. पैसे देण्याआधी कागद तपासा.